वसंतात हवा एकदम पालटली की फरशीला पाणी सुटतं: काय चाललं, काय नाही चाललं

हा त्रास ज्यांच्या घरात आहे त्यांना पहिल्या दोन ओळींतच कळेल मी कशाबद्दल बोलतोय. थंडी सरली असं वाटत असताना मधेच आठ-दहा दिवस पुन्हा गारठा येतो, मग एका सकाळी अचानक वारा फिरतो, बाहेर मस्त उबदार वाटायला लागतं, आपण खुशीत सगळ्या खिडक्या सताड उघडतो आणि दुपारी बघतो तर फरशी ओली, खालच्या भिंतीवर ओघळ, आरशावर वाफ धरलेली आणि कपाट उघडलं की कुबट वास. पाऊस नाही, नळ गळत नाही, तरी पाणी. आमच्याकडे तळमजल्यावर सलग तीन वर्षं हे झालं, प्रत्येक वसंतात दोन-तीनदा तरी. तिसऱ्या वर्षी आई पॅसेजमध्ये घसरली, मनगट सुजलं, नशिबाने हाड वाचलं. त्या दिवशी ठरवलं की आता याच्या मुळाशी जायचं, नुसतं पुसत बसायचं नाही. त्यानंतरचे दोन वसंत फरशी जवळजवळ कोरडी राहिली, म्हणून जे कळलं ते सगळं इथे लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की पाणी येतंय कुठून, कारण उपाय पूर्ण वेगळे आहेत. पहिल्या वर्षी मी ज्याला बोलावलं त्याने बघता बघता सांगितलं की खालून पाइप फुटलाय, दोन फरश्या उखडल्या, आणि खाली एकदम कोरडं निघालं. तो खर्च टाळता आला असता. अशी परीक्षा घरी करता येते: जाड पारदर्शक प्लास्टिकचा साधारण अर्धा मीटर लांब-रुंद तुकडा घ्यायचा, कोरड्या पुसलेल्या फरशीवर किंवा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवायचा, कुठे फट ठेवायची नाही, आणि एक-दोन दिवस हात लावायचा नाही. पाणी प्लास्टिकच्या वरच्या बाजूला धरलं तर ते खोलीतल्या हवेतून आलंय. खालच्या बाजूला धरलं तर ओल जमिनीतून किंवा भिंतीतून वर येतेय, आणि मग पुढे मी जे लिहिलंय त्याने तुमचं काम होणार नाही, तिथे वॉटरप्रूफिंग किंवा पाइप बघणारा माणूसच लागेल. आणखी एक खूण म्हणजे हवेतलं पाणी सगळीकडे सारखं पसरतं आणि हवा बदलली की एक-दोन दिवसांत आपोआप जातं, गळतीचा डाग मात्र एकाच जागी राहतो, कडा पिवळट होतात, रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा खार फुटतो. आमच्या प्लास्टिकवर पाणी वरच्या बाजूला होतं, खाली ठणठणीत कोरडं.

आता कारण. हवेत वाफ मावायची एक मर्यादा असते आणि ती तापमानावर ठरते: 10 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण 9.4 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांना 17.3 ग्रॅम, 30 अंशांना 30 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दर 10 अंशांमागे जवळपास दुप्पट. दमट हवा गार होत गेली की एका तापमानाला ती काठोकाठ भरते आणि त्याच्या खाली गेली की जास्तीचं पाणी बाहेर टाकते. ते तापमान म्हणजे दवबिंदू. थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून थेंब येतात ना, तेच. फक्त इथे ग्लासच्या जागी आपली अख्खी फरशी आहे.

आणि वसंतातच हे का होतं, तर बाहेरची हवा दोन तासांत बदलते पण फरशी, जाड भिंती आणि खालची जमीन बदलायला कित्येक दिवस घेतात. आपल्याला बाहेर ऊब जाणवते, घराचा दगड-सिमेंट अजून मागच्या आठवड्यातल्या गारठ्यातच असतो. म्हणून तळमजला, तळघर, बाहेरच्या बाजूची भिंत आणि सूर्य न येणारी खोली इथे सगळ्यात आधी पाणी सुटतं आणि वरच्या मजल्यावरचे लोक म्हणतात आमच्याकडे तर काहीच नाही. तुमचा वसंत मार्च ते मे असो की दक्षिण गोलार्धातला सप्टेंबर ते नोव्हेंबर, गणित तेच.

हे गणित डोक्यात बसावं म्हणून आकडे घेऊन सांगतो. बाहेर 24 अंश, आर्द्रता 75 टक्के. एक सोपा हिशेब आहे: 100 मधून आर्द्रता वजा करा, 5 ने भागा, आणि जे येईल ते तापमानातून वजा करा. इथे 25 भागिले 5 म्हणजे 5, आणि 24 वजा 5 म्हणजे 19. हा झाला दवबिंदू, आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर असताना हा अंदाज चांगला जमतो. आता फरशी जर 17 अंशांवर असेल तर या हवेतून पाणी पडणारच, त्यावर कुठलाच लिक्विड क्लीनर किंवा पॉलिश काही करू शकत नाही. या हवेच्या एका घनमीटरमध्ये 16.3 ग्रॅम वाफ आहे आणि 17 अंशांना मावते 14.5, म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे पावणेदोन ग्रॅमच्या वर पाणी सुटू शकतं. चार बाय चार मीटरची, पावणेतीन मीटर उंचीची खोली धरली तर एकदा भरलेल्या हवेतून 75-80 ग्रॅम. ऐकायला थोडं वाटतं, पण खिडक्या उघड्या असताना खोलीतली हवा तासात अनेक वेळा बदलते, प्रत्येक वेळी नवी ओली हवा येते आणि आपलं पाणी फरशीवर ठेवून जाते.

आणि आता ज्या गोष्टीने मला तीन वर्षं फसवलं ती. मी उबदार दिवशी खिडक्या उघडायचो आणि गार, रिपरिप पावसाच्या दिवशी "बाहेर 90 टक्के आर्द्रता आहे" म्हणून घट्ट बंद करायचो. बरोबर उलटं करत होतो. बाहेर 12 अंश आणि 90 टक्के असेल तर दवबिंदू येतो 10, त्या हवेच्या घनमीटरमध्ये साडेनऊ ग्रॅमच्या आसपासच वाफ आहे. तीच हवा घरात येऊन 22 अंशांना तापली की तिची आर्द्रता उरते 48 टक्के. म्हणजे तो भिजका, कंटाळवाणा दिवस घर वाळवायला उत्तम, आणि तो छान उबदार दिवस घर भिजवणारा. टक्क्यांवर जाऊ नका, टक्के हवेच्या स्वतःच्या तापमानाशी बांधलेले असतात, बाहेरचे टक्के आणि आतले टक्के यांची थेट तुलना होतच नाही. दवबिंदू बघा. बऱ्याच हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तो खाली कुठेतरी दिलेला असतो, आपण तिथपर्यंत जात नाही.

फरशीचं तापमान कसं बघायचं? लांबून नेम धरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर त्याने, पण गुळगुळीत चकचकीत फरशीवर आणि विशेषतः धातूवर तो चुकीचं दाखवू शकतो, म्हणून साध्या कागदी चिकटपट्टीचा तुकडा चिकटवून पाच-दहा मिनिटांनी त्याच्यावर नेम धरायचा. आणि काहीच उपकरण नसेल तर मी अजूनही वापरतो ती युक्ती: काचेची जाड बाटली पाण्याने पूर्ण भरून, झाकण लावून, रात्रभर सगळ्यात गार कोपऱ्यातल्या फरशीवर ठेवायची. सकाळपर्यंत तिचं तापमान फरशीइतकं होतं आणि आत पाणी असल्यामुळे ती पटकन तापत नाही. सकाळी तिला बाहेर सावलीत नेऊन ठेवायची, फडक्याने नीट पुसायची आणि पाच मिनिटं थांबायचं. आधी काच धुरकट होते, मग बोट फिरवलं की रेघ उमटते, आणि दवबिंदू बराच वर असेल तर बारीक थेंब एकमेकांत मिसळून खाली घरंगळतात. काच धुरकटली तर त्या दिवशी खिडक्या बंद. काच स्वच्छ राहिली तर बिनधास्त उघडा. आमच्याकडे ही बाटली आता वसंतभर पॅसेजच्या कोपऱ्यात असते आणि आईच रोज सकाळी बघते.

बरं, बाहेरची हवा ओली आहे हे कळलं, मग करायचं काय. खिडक्या-दारं बंद, विशेषतः वाऱ्याच्या बाजूची, आणि दारांच्या खालच्या फटीला गुंडाळलेलं कापड. लोकांना हे पटत नाही, कोंदट होईल म्हणतात, पण एक-दोन दिवसांचा प्रश्न असतो, आणि दिवसभरात दवबिंदू खाली उतरतो ती वेळ साधून दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की हवा पालटते. फरशी ओल्या पोछ्याने अजिबात पुसू नका, कोरडं सुती फडकं किंवा रबरी पट्टीचा वायपर घ्या. पंख्याबद्दल खूप गोंधळ आहे. पंखा पाणी घालवत नाही, तो फक्त हवा हलवतो, आणि खिडक्या उघड्या ठेवून गार फरशीवर ओली हवा सोडलीत तर पाणी आणखी भराभर सुटतं. खिडक्या बंद आणि डिह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र) चालू असेल तेव्हाच पंखा खालच्या बाजूला लावा, मग खरंच फरक पडतो. एक्स्टेंशन बोर्ड फरशीवरून उचलून ठेवा, हे मी मुद्दाम सांगतोय, ओल्या फरशीवर पडलेला बोर्ड ही फार धोक्याची गोष्ट आहे.

डिह्युमिडिफायर घ्यायचा असेल तर एवढं बघा की खोलीचं तापमान साधारण 15 अंशांच्या खाली गेलं की कॉम्प्रेसरवालं मॉडेल ढेपाळतं, त्याच्या आतल्या कॉइलवर, म्हणजे गार नळ्यांवर, बर्फ धरायला लागतो. खोली त्याहून गार राहत असेल तर डेसिकंट प्रकारचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा, बरा, वीज जास्त खातो पण गारठ्यात काम करतो. एसी असेल तर ड्राय मोड वापरा. साध्या कूलिंग मोडवर अशा दिवशी एसी पाच मिनिटांत ठरलेल्या तापमानाला पोचून बंद पडतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि कॉम्प्रेसर बंद असताना त्याचा पंखा चालूच राहिला तर कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. हीटर असेल तर तोही उपयोगी आहे. खोली 1 अंशाने तापली की आर्द्रता साधारण 3-4 टक्क्यांनी उतरते, आणि मुख्य म्हणजे फरशी-भिंत दवबिंदूच्या वर जायला लागते. पण कोळसा किंवा गॅसची शेगडी खोली गरम करायला म्हणून कधीच नाही, गॅस जळताना वाफ सोडतो म्हणजे ओल वाढतेच, आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो, त्या वायूला वासही नसतो.

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त उपयोग आदल्या रात्रीच्या तयारीचा झाला. उद्या दमट वारा येणार असं अंदाजात दिसलं की त्या रात्री खिडक्या बंद ठेवायच्या, म्हणजे फरशी आणखी गार होत नाही, आणि जमलं तर थोडी ऊब द्यायची. फरशी 16 ऐवजी 19 अंशांवर राहिली तर दुसऱ्या दिवशीचं पाणी कित्येकदा सुटतच नाही. हे तीन अंश मिळवायला दिवसभर पुसण्यापेक्षा खूप कमी कष्ट लागतात.

त्या दिवसांत आपणही घरात किती पाणी ओततो याकडे लक्ष द्या. मशीनभर कपडे घरात वाळत घातले तर साधारण 2 लिटर पाणी हवेत जातं, म्हणजे वरच्या हिशेबातल्या खोलीभर हवेतून सुटतं त्याच्या पंचवीसपट. माणूस नुसता बसला तरी श्वासातून आणि घामातून तासाला 40-50 ग्रॅम सोडतो. म्हणून स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण, एक्झॉस्ट फॅन आधी लावून नंतरही पंधरा मिनिटं चालू, बाथरूमचं दार बंद, आणि कपडे एका खोलीत कोंडून तिथेच डिह्युमिडिफायर.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल मीटर मिळतं, ते नक्की घ्या, पण आणल्या आणल्या विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ पूर्ण विरघळलं तर पाणी जास्त झालं, मग ते झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवून आठ-दहा तास सोडून द्या. मिठाच्या अशा लगद्यावर बंद जागेत हवा 75 टक्क्यांवर स्थिर होते. आमचं मीटर 68 दाखवत होतं, म्हणजे 7 ने कमी. मी त्याच्या पाठीवर "+7" लिहून ठेवलंय. अशा मीटरवर मी आधीचं अख्खं वर्ष खोली ठीक आहे असं समजत होतो. घरात आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या मधे राहिली तर उत्तम, भिंतीलगत 80 च्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरतेच.

बुरशीचं म्हणाल तर ती दिसेल तिथे सुरू होत नाही, कपाटाच्या मागे, गादीच्या खाली, पडद्याच्या आड होते. बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढा, मागे हवा खेळली पाहिजे. जे भिजलं ते 24 ते 48 तासांत वाळवायचं, त्याच्या पुढे गेलं की बुरशीला वेळ मिळतो. थोडीच असेल, म्हणजे 1 चौरस मीटरच्या आत, तर घरीच साबणाच्या पाण्याने घासून पुसून पूर्ण वाळवता येते, मास्क आणि हातमोजे घालून, कोरडी असताना ब्रश मारून उडवायची नाही. ब्लीच वापरत असाल तर हात जोडून सांगतो, त्यात टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो क्षणात छातीत जातो. कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे काम करतात पण त्यात पाणी साठतं, ते कपड्यांच्या वर टांगू नका, सांडलं तर कपडा जातो. आणि ते बंद कपाटापुरतेच, अख्ख्या खोलीला चार डबे लावून काही होत नाही.

हे सगळं दमट उबेचं झालं. कधी कधी वसंतात उलटा प्रकार होतो, एकदम कोरडी उष्णता येते, उन्हाळा महिनाभर आधी आल्यासारखी. तेव्हा तीच गार फरशी आपली मित्र असते. दवबिंदू खाली असेल तर रात्री आणि पहाटे सगळं उघडा, ऊन चढलं की बंद, आणि ऊन खिडकीच्या बाहेरच अडवा, काचेच्या आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची छपरी किंवा चटई कितीतरी जास्त उष्णता थांबवते. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे वसंतातले 36 अंश भर उन्हाळ्यातल्या 36 पेक्षा जास्त त्रास देतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आणि लहान मुलांकडे त्या पहिल्या तीन-चार दिवसांत जास्त लक्ष द्या.

घरात दम्याचं किंवा परागकणांच्या अ‍ॅलर्जीचं कोणी असेल तर खिडक्यांचा आणखी एक नियम आहे. वसंतात गडगडाटी वादळ येतं तेव्हा गवताचे परागकण पाणी पिऊन फुटतात आणि त्यांचे अगदी बारीक कण वादळाच्या पुढे धावणाऱ्या वाऱ्यात मिसळतात, थेट फुप्फुसात जातात. मेलबर्नमध्ये 21 नोव्हेंबर 2016 ला, म्हणजे तिथल्या वसंतात, अशाच एका संध्याकाळी हजारो लोकांना श्वास लागला आणि काही जण दगावले, श्वास लागलेल्यांपैकी कित्येकांना आधी दमा असल्याचं माहीतही नव्हतं. त्यामुळे ढग गडगडायला लागले आणि गार वारा सुटला की तो छान वाटला तरी खिडक्या बंद करा, एसी बाहेरची हवा आत घेत असेल तर तेही बंद, आणि इन्हेलर हाताशी ठेवा.

एक राहिलं, दारं. या दिवसांत लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं आणि लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घ्यावासा वाटतो. थांबा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि हवा कोरडी झाली की परत आकसतं, आज रंधा मारलात तर दोन महिन्यांनी तिथे बोटभर फट दिसेल आणि पुढच्या वर्षी त्याच फटीतून ओली हवा आत येईल. अडकतं तिथे मेणबत्ती घासून काम चालवा, बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. दार वरून आणि खालून रंगवलेलं नसतं तिथूनच ते सगळ्यात जास्त पाणी पितं, म्हणून कोरडे दिवस आले की ते उतरवून वरच्या-खालच्या कडेला रंगाचे किंवा वॉर्निशचे दोन हात द्या. आमच्या बाथरूमच्या दाराची खालची कड मी अशीच रंगवली, आता ते दोन बोटांनी लागतं.